परवाची आग

गल्लीतली पोरं तिला टेन्सबाई म्हणत आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. ती टेन्स शिकवते म्हणून, की तिच्यासमोर बसलं की टेन्शन येतं म्हणून, यावर गल्लीत दोन मतं होती. तिला दोन्ही मान्य होती.

बावीस वर्षं तिने कॉलेजात इंग्रजी शिकवलं, पण सगळं दुसऱ्यांच्या रजेवर. कुणी बाळंतपणाला गेलं, कुणाच्या नवऱ्याचं ऑपरेशन निघालं, की हिला निरोप यायचा. दुसरीच्या खुर्चीत बसायचं, दुसरीच्या कॅटलॉगमध्ये हजेरी मांडायची आणि मूळ मालकीण परत आली की पर्स उचलून चालू लागायचं. पन्नाशी उलटल्यावर निरोप यायचे बंद झाले. तेव्हा तिने घरातल्या पुढच्या खोलीत तीन बाकं टाकली, भिंतीवर पांढरा फळा ठोकला आणि बोलत्या इंग्रजीचे वर्ग सुरू केले. ही खोली तेवढी कुणाच्या रजेवर मिळालेली नव्हती.

तिच्या कानाला चूक खपत नसे. लिफ्टमधल्या सूचनेतली चूक ती पर्समधल्या लाल पेनाने दुरुस्त करून मगच तिसऱ्या मजल्यावर पोचायची. दवाखान्याच्या पाटीवरचं जास्तीचं एक अक्षर तिने स्वतःच्या अंगात ताप असताना डॉक्टरांना दाखवलं होतं. नवरा म्हणायचा, "हिच्यासमोर मरायचं झालं तरी व्याकरणशुद्ध मरावं लागेल." तो हे पाहुण्यांसमोर म्हणायचा आणि ती खुशीत हसायची.

मुलगा दूरच्या देशात नोकरीला लागला. पहिल्या वर्षी त्याने आईला बरं वाटावं म्हणून मुद्दाम इंग्रजीत पत्र लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, 'आय अ‍ॅम लोनली सिन्स टू मंथ्स.' तिने 'सिन्स' खोडून वर 'फॉर' लिहिलं, आणखी अकरा दुरुस्त्या केल्या आणि मोठ्या मायेने ते पत्र त्याला परत पाठवलं. त्यानंतर मुलगा रविवारचा फोन करू लागला, मराठीत, आणि हवापाण्याचं बोलून ठेवू लागला. "मराठी छान सुधारलं हो त्याचं," असं ती शेजारणीला सांगायची.

कारखान्याचा मॅनेजर तिच्याकडे आला तो सकाळी साडेदहाला, चपला दाराबाहेर काढून. बोलणं लोण्यासारखं. गावाच्या कडेला सुवासिक मेणबत्त्यांचा कारखाना होता, तिथला माल परदेशी जायचा. आता तिकडच्या कंपनीची माणसं पाहणीला येणार होती, पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेला. मशीनवरच्या सगळ्या सूचना इंग्रजीत. त्यामुळे कामाच्या बायकांना इंग्रजी समजतं, बोलता येतं, असं एका शिक्षिकेच्या सहीचं प्रमाणपत्र त्यांना आधी हवं होतं. शिवाय ती माणसं दुभाष्याला बाजूला ठेवून बायकांशी थेट बोलणार होती.

"आठ जणी पाठवतो, मॅडम. पॅकिंग हॉलमधल्या. सकाळी आठ ते साडेनऊ. दहाला त्यांचं काम सुरू होतं."

त्याने तीस प्रश्न आणि तीस उत्तरं टाइप करून आणली होती. तिने कागदावरून नजर फिरवली आणि तिच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"किती चुका आहेत हो यात!"

"म्हणून तर तुमच्याकडे आलो."

ती तिथेच लाल पेन घेऊन बसली. उत्तर क्रमांक नऊ होतं, 'डोअर इज ऑल्वेज ओपनिंग.' ते खोडून तिने सुंदर अक्षरात लिहिलं, 'द डोअर्स ऑफ द पॅकिंग हॉल आर केप्ट अनलॉक्ड.' मॅनेजरने ते हळू, ओठ हलवत वाचलं.

"वा, मॅडम. आता खरं वाटतं."

तिला हे कौतुक वाटलं. पुढे कित्येक दिवस तिने ते तसंच जपलं.

आठ जणी आल्या. त्यांच्याबरोबर खोलीत गुलाबाचा, लिंबाचा, कसल्याकसल्या फुलांचा वास शिरला, आणि त्या गेल्यावरही तो पडद्यांत राहायचा. "काय ऐट आहे तुमची, अत्तरात न्हाऊन येता," असं बाई म्हणाली, तेव्हा त्यांच्यातली सगळ्यात थोरली म्हणाली, "बाई, हा वास सहा महिने नाकात गेला की जेवणाला चव राहात नाही. भाजी खाल्ली तरी गुलाब, पाणी प्यालं तरी गुलाब. नवरा जवळ आला तरी गुलाबच. तेवढाच एक फायदा!"

हिचं नाव बाईने पहिल्याच दिवशी रेडिओ ठेवलं. बटण दाबायचीही गरज नव्हती. तिची धाकटी जाऊही वर्गात होती. ती जेमतेम बाविशीची, अबोल, वहीवर वाकलेली. सगळ्या तिला धाकटी म्हणत म्हणून बाईही म्हणू लागली. रेडिओ तिच्या वाटचंही बोलायची. "हिला विचारू नका बाई, ही माहेराहून मोजून शब्द घेऊन आलीय. संपले तर परत जावं लागेल."

बाईची एक पद्धत होती. रोज प्रत्येकीने आपल्या भोवतालचे पाच शब्द मराठीत लिहून आणायचे. बाई त्यांना इंग्रजी शब्द देणार. दुसऱ्या दिवशी त्यांची वाक्यं. पुस्तकातला सिंह आणि राजवाडा कुणाच्या कामाचा, असं तिचं म्हणणं. पहिल्या आठवड्यात मेण आलं, वात आली, खोका, चिकटपट्टी, बाक, झाडू. दुसऱ्या आठवड्यात ठसका आला, घेरी आली, कोंदट आलं. बाईने कोंदटसाठी चांगला शब्द शोधून दिला आणि त्याचं स्पेलिंग फळ्यावर तीनदा लिहिलं.

मग धाकटीने 'कडी' आणली. बाईने 'बोल्ट' दिला. दुसऱ्या दिवशी धाकटी उभी राहून म्हणाली, "द बोल्ट इज आउटसाइड द डोअर."

"इनसाइड," बाई म्हणाली. "कडी आतून असते, अगं. आपण आत असतो आणि कडी लावतो. आउटसाइड म्हणजे बाहेर."

धाकटीने रेडिओकडे पाहिलं. रेडिओ पहिल्यांदाच खिडकीबाहेर बघत होती.

"बरं, बाई," धाकटी म्हणाली. खाली बसून तिने खोडरबराने 'आउटसाइड' खोडलं, कागदावरचा चुरा फुंकून टाकला आणि 'इनसाइड' लिहिलं.

चौथ्या आठवड्यातल्या एका मंगळवारी धाकटी आली नाही. "अंगात कसकस आहे तिच्या," असं रेडिओने सांगितलं, आणि बाईने हजेरीत फुली मारली. बुधवारी ती आली ती कोपऱ्यातल्या बाकावर भिंतीला चिकटून बसली. वाक्यांची पाळी आली. बाईने आदल्याच आठवड्यात दिवसांचे शब्द दिले होते: आज, उद्या, काल, परवा. धाकटी उभी राहिली आणि एकेक शब्द पायाखाली दगड चाचपावा तसा टाकत म्हणाली,

"डे आफ्टर टुमॉरो... देअर वॉज अ फायर... इन द पॅकिंग हॉल."

बाईला हसू आवरेना. "अगं, परवा आग लागणार आहे, आणि लागून गेलीसुद्धा? तारीख काढून ठेवलीय का आगीची?"

वर्ग हसला. बाई हसली म्हणून हसला. रेडिओ जरा उशिरा हसली, पण तीही हसली.

"तुझी चूक नाही," बाई रंगात येऊन म्हणाली. "ही आपल्या भाषेची गंमत. आपला परवा दोन्हीकडे तोंड करून उभा असतो. परवा गेलो होतो, परवा जाईन. शब्द एकच, मागचा की पुढचा ते क्रियापद सांगतं. इंग्रजीला असं दोन तोंडांचं चालत नाही. मागचा परवा वेगळा, पुढचा वेगळा." तिने फळ्यावर आडवी रेघ ओढली, मधोमध 'आज' लिहिलं, दोन्ही बाजूंना बाण काढले. "वॉज बरोबर आहे तुझं. दिवस चुकला. चला, सगळ्या म्हणा माझ्यामागून. देअर वॉज अ फायर द डे बिफोर यस्टर्डे."

आठही जणी म्हणाल्या.

"पुन्हा. फायरवर जोर द्या."

त्या पुन्हा म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणताना सूर छान लागला. कारखान्याची गाडी बाहेर हॉर्न वाजवत होती, तेव्हा त्या वह्या तपासायला ठेवून घाईने निघून गेल्या.

दुपारी जेवताना तिने ही गंमत घरात सांगितली. नवरा ठसका लागेपर्यंत हसला. "आगीची अपॉइंटमेंट! सुंदर!"

सासूबाईंना ऐकू कमी येई, म्हणून त्या माणसाच्या तोंडाकडे टक लावून ऐकत. त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"मग कुणाला भाजलं का गं?"

"अहो आई, वाक्य होतं ते. व्याकरणाचं."

"व्याकरणाचं होय," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, ती पोरगी आग लागली होती म्हणाली."

बाईने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

भांडी तशीच सिंकमध्ये ठेवून ती पुढच्या खोलीत आली. आठ वह्यांचा गठ्ठा टेबलावर होता. तिने धाकटीची वही ओढली. आतापर्यंत ती वही तिने रोज तपासली होती, पण दर वेळी स्पेलिंगसाठी. आता तिने धाकटीने आणलेले मराठी शब्द तेवढे वरून खाली वाचले. कोंदट. ठसका. कडी. कोंडणे. वॉचमन. हाक मारणे. ऐकू न येणे. ठिणगी. धूर. थांबणे.

मधेमधे तिचंच लाल पेन होतं. 'द वॉचमन कॅनॉट हिअर अस' या वाक्यापुढे तिने बरोबरची खूण करून 'छान' लिहिलं होतं.

शेवटचं पान त्या दिवशीचं. अक्षर वेडंवाकडं, ओळी उताराला लागलेल्या, जणू दुसऱ्याच कुणाचं. सकाळी वर्ग सुरू असतानाच तिने पान उघडून त्याच्यावर शेरा मारला होता: 'अक्षर सुधारा.' आता तिने ते पान उजेडात धरलं. शाई डावीकडून उजवीकडे पुसटत गेली होती, लिहिणारा डावा हात ओल्या शाईवरून पुढे सरकला की पुसटते तशी. धाकटी डावरी नव्हती.

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते. तिला काय वाटलं कोण जाणे, तिने उठून आपल्याच खोलीचं दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

गुरुवारी सकाळी आठ जणी बसल्यावर तिने फळ्याकडे पाठ केली.

"आज इंग्रजी नको. धाकटे, उजवा हात दाखव."

धाकटीने हात ओढणीखालून काढला नाही. रेडिओने तो काढला. तळव्याला फडकं बांधलं होतं आणि फडक्याच्या कडेने कातडी तांबडी, चकचकीत दिसत होती.

"सोमवारी," रेडिओ म्हणाली. तिचा आवाज एवढा हळू असू शकतो हे बाईला माहीत नव्हतं. "खोक्यावर प्लास्टिक चढवायचं मशीन आहे ना, गरम हवेचं. त्याच्या वायरीतून ठिणगी पडली. शेजारी खोक्यांची थप्पी. हिने हातानेच पेटतं खोकं ओढून खाली पाडलं आणि वर ओली पोती टाकली."

"आणि तुम्ही सगळ्या बाहेर का नाही पळालात?"

मागच्या बाकावरची एक म्हणाली, "बाई, कडी बाहेरून असते."

सहा महिन्यांपूर्वी मालाची चार खोकी चोरीला गेली होती, तेव्हापासून. जेवणाची सुट्टी संपली की दोनला कडी बसायची, सहाला निघायची. वॉचमन चहाला गेला की हाका ऐकायला कुणी नाही. सोमवारी त्या दार बडवत होत्या. दार उघडलं तेव्हा धूर छातीपर्यंत खाली आला होता.

"अगं, मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं की," धाकटी म्हणाली. तिने हे रागाने म्हटलं असतं तर बाईला सोपं गेलं असतं. "तीनदा म्हणून घेतलंत तुम्ही."

बाई अकरा वाजता कारखान्यात गेली. मॅनेजरने तिच्यासाठी खुर्ची पुसली, चहा मागवला, पंखा तिच्याकडे वळवला. तिने सगळं बोलून टाकलं. त्याने मधे एकदाही अडवलं नाही. कुणी मधे अडवलं नाही की आपलंच बोलणं आपल्याला पोकळ ऐकू येतं, तसं तिला झालं.

"कोण म्हणालं हे?" त्याने विचारलं.

"सगळ्याच."

"सगळ्या कधी बोलत नाहीत, मॅडम. एक बोलते. जिचा हात भाजलाय तीच असणार. बिचारी. काळजी घ्यायला हवी तिची." त्याने समोरच्या वहीत काहीतरी टिपलं. "हात बरा होईपर्यंत तिला हलकं काम देतो."

"मला कडीचं बोलायचंय."

"चोरी होते, मॅडम. तुमच्या घराला कडी नाही?"

"माझ्या घराला आतून आहे."

मॅनेजर हसला. मनापासून हसला, ती काहीतरी चतुर बोलली होती म्हणून. "तुमचं काम भाषेचं. भाषा तुम्ही उत्तम करून घेतलीत. प्रमाणपत्र सोमवारपर्यंत पोचायला हवं, तेवढी सही द्या."

"पॅकिंग हॉलच्या दाराची कडी निघाल्याशिवाय सही मिळणार नाही." बावीस वर्षांत तिने कुणाला कसली अट घातली नव्हती.

ती म्हणाली ते शब्द त्याने सावकाश परत म्हटले, धडा घेतल्यासारखे. "पॅकिंग हॉलच्या दाराची कडी. एवढंच ना?"

"एवढंच."

"उद्याच काढतो."

घरी आल्यावर नवऱ्याने पाठ थोपटली. "वाघीण निघालीस की! मला वाटत होतं, फक्त माझ्यावरच ओरडतेस." सासूबाईंनी तिच्या तोंडाकडे बघत सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कडी काढली, हे बघितलंस का डोळ्यांनी?" बाई म्हणाली, "बघणार आहे. बघितल्याशिवाय पेन उघडणार नाही."

शुक्रवारी गाडी आलीच नाही. मॅनेजरचा फोन आला की मालाची घाई आहे, दोन दिवस वर्ग नको. शनिवारी दुपारी त्याने स्वतः तिला बोलावलं. "या, मॅडम, स्वतः बघून घ्या."

ती पावणेदोनला पोचली. वॉचमनने सलाम ठोकला. मॅनेजर तिला लांबच लांब पॅसेजमधून घेऊन गेला. एका अंगाला गोदामाची भिंत, दुसऱ्या अंगाला छतापर्यंत रचलेली खोकी. दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकणार नाहीत एवढी वाट. टोकाला पॅकिंग हॉलचं दार सताड उघडं. कडीच्या जागी स्क्रूची चार भोकं, त्यांत पुट्टी भरलेली, वर ताजा रंग. तिने बोट लावलं तर रंग बोटाला आला. तिने दार लोटलं, उघडलं, आतून बाहेर आली, बाहेरून आत गेली. मॅनेजर हात बांधून कौतुकाने बघत होता.

आत सात जणी सुट्टी संपायच्या आधीच बाकांवर बसून काम करत होत्या. वास एवढा दाट की पहिला श्वास घेताना तिला खोकला आला. खिडक्या वर, छताजवळ, हातभर रुंदीच्या, जाळ्या मारलेल्या. कोपऱ्यात ते मशीन होतं, आणि त्याच्यापुढे धाकटी, एकटी. डाव्या हाताने खोकं सरकवायची, पायाने पेडल दाबायची. मशीन टिकटिक करत होतं.

"हे हलकं काम?" बाईने विचारलं.

"एका हाताने जमतं ना," मॅनेजर म्हणाला. "सहीचं बघायचं का, मॅडम? बाहेर माणूस थांबलाय पाकीट न्यायला."

कागद त्याने एका खोक्यावर पसरला. बाईने पेन काढलं. तेवढ्यात धाकटी मशीनपासून न उठता म्हणाली, "बाई, कडी काढली, पण..."

"पण काय?" मॅनेजरने विचारलं. अगदी गोड आवाजात विचारलं.

धाकटीची नजर त्याच्यावरून बाईवर आली आणि खाली गेली. "पण भोकं दिसतात."

मॅनेजर मोकळेपणी हसला. बाईही हसली. सुटकेचं हसू होतं ते; तीन रात्री तिला धड झोप नव्हती. "दिसू देत गं भोकं," ती म्हणाली आणि तिने सही केली, पूर्ण नावाची, खाली तारीख घालून. मॅनेजरने कागद फुंकर मारून वाळवला, दोनदा आभार मानले. "बसा, बोला तुमच्या मुलींशी. मी पाकीट देऊन येतो," असं म्हणून तो निघून गेला.

बाई एका उलट्या क्रेटवर बसली. तिला वाटलं, आता रेडिओ सुरू होईल, चेष्टा होईल, निदान दोन जणी हसतील. कुणी वर पाहिलं नाही. खोकी सरकत होती, चिकटपट्टी फाटत होती.

"काय गं, आज सगळ्याच धाकट्या झालात?"

बाहेर कुठेतरी दोनची घंटा झाली. आणि पॅसेजच्या पार त्या टोकाकडून एक आवाज आला. आधी घरघर, मग लांबलचक खडखडाट, वरून खाली येत गेलेला, आणि शेवटी जमिनीवर लोखंड आपटल्याचा. त्याच्यामागून बारीकशी किल्लीची किरकिर.

"हे काय?"

"शटर," रेडिओ म्हणाली. हातातलं खोकं तिने खाली ठेवलं नाही. "पॅसेजच्या तोंडाला आहे. कालपासून ते लावतात. कडीला निदान कुलूप नव्हतं."

येताना बाई त्या शटरखालूनच आली होती. वर गुंडाळून ठेवलेलं शटर कुणाच्या नजरेत येतं?

"मग मी सही करत होते तेव्हा..."

"साहेब समोरच उभे होते, बाई." रेडिओने आता वर पाहिलं. "आणि तुम्ही कडीचंच म्हणाला होतात, त्यांनीच सांगितलं. 'दारं उघडी असतात' हे नववं उत्तर आता खरंच झालंय. दारं उघडीच आहेत. ती परदेशी माणसं विचारतील, आम्ही सांगू, तुमच्या सहीने."

बाई उठली आणि पॅसेजमधून पळत सुटली. पन्नाशी पार केलेलं शरीर, दोन्ही खांदे खोक्यांना घासत होते. शटरवर तिने दोन्ही तळवे आपटले. "मी आत आहे! अहो, मी मॅडम बोलतेय! उघडा!" लोखंड तिच्या हाताखाली थरथरलं आणि तिचाच आवाज पॅसेजभर फिरून तिच्या कानात परत आला. पलीकडे काही हललं नाही. खालच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत आली होती, करंगळीएवढी जाड.

तिने मागे वळून पाहिलं. सात जणी हॉलच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांच्यामागे मशीनची टिकटिक चालूच होती.

"धाकटी कुठाय?"

"मशीन चालू असताना जागा सोडायची नाही तिला. हुकूम आहे."

बाईने श्वास घेतला. खोक्यांच्या त्या बोळातून ती ओरडली, आणि तिच्या तोंडून मराठीच निघालं. "धाकटे, बटण बंद कर! मशीन बंद कर आणि इकडे ये!"

टिकटिक चालू राहिली.

"मी सांगतेय म्हणून बंद कर! जाब मी देईन!"

टिकटिक थांबली. असा शुकशुकाट झाला की आठ जणींचे श्वास ऐकू यायला लागले. धाकटी आली, भाजलेला हात छातीशी धरून, आणि जावेला टेकून उभी राहिली.

"आता कुणी आत जायचं नाही," बाई म्हणाली. "शटर वर जाईपर्यंत इथेच बसायचं. सहा वाजले तरी, सात वाजले तरी."

"माल पुरा झाला नाही तर ठेवतील का आम्हाला, बाई?" मागच्या बाकावरची ती विचारत होती.

"मला माहीत नाही गं," बाई म्हणाली आणि खाली फरशीवर बसली, शटरला पाठ लावून. रेडिओ तिच्याशेजारी बसली. मग एकेक करून सगळ्या बसल्या, त्या अरुंद वाटेत एकीच्या गुडघ्याला दुसरीची पाठ लागेल अशा.

"सांगा," बाई म्हणाली. "सोमवारी काय काय झालं ते पहिल्यापासून सांगा. कसंही सांगा."

धाकटीने तोंड उघडलं तेवढ्यात शटरपलीकडे पावलं वाजली. फटीतली उन्हाची पट्टी दोन ठिकाणी काळी झाली. पावलांना घाई नव्हती. ती येऊन अगदी बाईच्या पाठीमागे थांबली, आणि बाईने वळून कान लोखंडाला लावला. पलीकडे कुणीतरी शांतपणे श्वास घेत उभं होतं. कुलपाला मात्र कुणाचा हात लागला नाही.